मत देण्यापूर्वी मत विचारावे

न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार पाने लिहून द्यावीत अशी विश्वस्त मंडळींची आज्ञा झाली, तेव्हा आम्हांस प्रथम संकोच वाटला. याच न्यासाच्या पुस्तकपेढीतून बी. एड.ची पुस्तके नेऊन ज्यांनी आपले शिक्षण पुरे केले, त्यांपैकीच आम्ही एक. ऋण मोठे आणि लेखणी लहान. न्यासाचा इतिहास आमच्यापेक्षा अधिकारी मंडळी लिहितीलच. आम्ही शाळामास्तर. गेली वीस वर्षे मुलांना नागरिकशास्त्र शिकवितो आणि दर निवडणुकीस सरकारी हुकूम आला की मतदान केंद्रावर जाऊन बसतो. या दोन्ही ठिकाणी बसून जो एक प्रश्न मनात घोळत राहिला, तोच आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

काही वर्षांपूर्वी विधानसभेच्या निवडणुकीत बेळगावजवळच्या एका खेड्यात आम्ही केंद्राध्यक्ष होतो. दुपारची वेळ. एक वृद्ध बाई नातवाचा हात धरून आल्या. बोटाला शाई लागली, आणि यंत्राकडे जाता जाता त्या आमच्या टेबलापाशी थांबून म्हणाल्या, "ह्यातला रोज पाणी सोडनारा कोन वो, सर?"

खोलीतले सगळे हसले. आम्हीही हसलो असतो. पण बाई गंभीर होत्या. आम्ही म्हटले, "आजी, ते आम्हांला सांगता येत नाही." त्या म्हणाल्या, "मग कवा सांगनार?"

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ याच्या कलम १२९ प्रमाणे निवडणुकीच्या कामावरील माणसाने मतदाराच्या मनावर कसलाही प्रभाव पाडणे हा गुन्हा आहे, आणि तो तसा असणेच योग्य. शिवाय गावच्या नळाचे पाणी हा बहुधा ग्रामपंचायतीचा विषय. तथापि बाईंचा प्रश्न चुकीचा नव्हता. तो चुकीच्या ठिकाणी आणि फार उशिरा विचारला गेला होता. उमेदवार काय करणार हे मतदाराला केंद्रात येण्यापूर्वीच कळावयास हवे. ते कळविण्याचे साधन कोणते, हाच या लेखाचा विषय होय.

आपल्या मराठीत 'मत' या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत. मत म्हणजे विचार, आणि मत म्हणजे निवडणुकीत दिलेला कौल. भाषेने या दोन गोष्टी एका शब्दात बांधून ठेवल्या. व्यवहारात मात्र त्यांची गाठ सुटली. आपण मत देतो, पण ज्याला देतो त्याचे मत काय आहे हे विचारीत नाही. आणि आपले स्वतःचे मत काय आहे, हे तरी आपण कधी सवडीने बसून स्वतःला विचारतो काय?

आजवर काय मिळाले

आपल्या देशात मतदाराला साहाय्य करण्यासाठी साधने निघालीच नाहीत असे नव्हे. १९५१-५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा सुमारे सतरा कोटी तीस लाख मतदार होते आणि त्यांतील बहुसंख्यांना अक्षरओळख नव्हती. म्हणून प्रत्येक उमेदवाराला वेगळी पेटी दिली आणि पेटीवर चिन्ह लावले. ते चिन्ह हे निरक्षर मतदारासाठी काढलेले फार मोठे यंत्रच म्हणावयाचे. पुढे २०१५ पासून उमेदवारांची छायाचित्रे मतपत्रिकेवर आली, म्हणजे सारख्या नावांचा घोटाळा टळला. त्याआधी २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटणही मिळाले.

याहून मोठी गोष्ट घडली ती २००२-०३ साली. २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, उमेदवाराची माहिती मिळणे हा मतदाराचा हक्क आहे. पुढे कायद्यात दुरुस्ती करून हा हक्क आखूड करण्याचा प्रयत्न झाला. पण १३ मार्च २००३ रोजी न्यायालयाने ते कलम रद्द ठरविले. तेव्हापासून प्रत्येक उमेदवाराला आपल्यावरील फौजदारी खटले, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण हे सारे प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावे लागते. ही प्रतिज्ञापत्रे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर व मोबाइलवरील ॲपमध्ये कोणासही पाहता येतात. 'मायनेता' या संकेतस्थळावर तीच माहिती सोपी करून मांडलेली असते. विद्यमान खासदाराची उपस्थिती किती, त्याने प्रश्न किती विचारले, चर्चेत भाग किती घेतला, याचा हिशेब २००५ साली स्थापन झालेली 'पीआरएस' ही संस्था ठेवते.

हे सारे उत्तमच आहे. परंतु बारकाईने पाहिले तर एक उणीव ध्यानात येईल. प्रतिज्ञापत्रावरून उमेदवार कोण आहे हे कळते. उमेदवार काय करणार आहे हे कळत नाही. त्याच्यापाशी किती तोळे सोने आहे हे कळते. शाळेच्या अनुदानाबद्दल त्याचे म्हणणे काय हे कळत नाही. आजीबाईंचा प्रश्न या दुसऱ्या जातीचा होता.

एका शाळेच्या पुस्तिकेतून

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणारे साधन प्रथम नेदरलंड्समध्ये निघाले, आणि आम्हां शिक्षकांना अभिमान वाटावा असे की ते शाळांसाठी निघाले. त्या देशात मतदारसंघ नाहीत. देशभरातील मतांच्या प्रमाणात दीडशे जागा वाटल्या जातात, त्यामुळे पक्षांची गर्दी फार. २०२१ च्या निवडणुकीत तर मतपत्रिकेवर ३७ पक्ष होते. इतक्यांचे जाहीरनामे वाचणार कोण? म्हणून १९८९ साली नागरिकशिक्षणाच्या एका संस्थेने विद्यापीठांच्या साहाय्याने एक पुस्तिका व तिच्यासोबत संगणकाची एक फ्लॉपी तयार केली. पुस्तिकेत पक्षांच्या कार्यक्रमांतून वेचलेली साठ विधाने होती. विद्यार्थ्याने प्रत्येक विधानाशी आपण सहमत आहो की नाही ते सांगावे, आणि शेवटी कोणत्या पक्षाशी आपले अधिक जुळते ते पाहावे. नाव ठेवले 'स्टेमवाइझर', म्हणजे मतदर्शक. १९९८ साली ते इंटरनेटवर आले तेव्हा जेमतेम साडेसहा हजार वेळा वापरले गेले. २०१७ साली हाच आकडा ६८ लाखांवर गेला.

फिनलंडमध्ये तेथील सार्वजनिक नभोवाणी संस्थेने १९९६ सालीच असे साधन इंटरनेटवर आणले होते. जर्मनीत २००२ पासून 'वाल-ओ-माट' चालते. तेथील नागरिकशिक्षणाची सरकारी संस्था ते चालविते. पण विधाने लिहिण्याच्या कामात सव्वीस वर्षांखालील तरुण मतदारांना तज्ज्ञांबरोबर बसविले जाते. आधी सुमारे ऐंशी विधाने तयार करून सर्व पक्षांकडे पाठवितात. पक्षांनी लेखी उत्तरे व कारणे द्यावयाची. मग त्यांतून ३८ विधाने निवडतात. २०२१ च्या निवडणुकीत हे साधन दोन कोटींहून अधिक वेळा वापरले गेले.

स्वित्झर्लंडची तऱ्हा आणखी निराळी आहे. तेथे मतदाराला बहुतेक प्रांतांत वेगवेगळ्या पक्षांच्या यादीतील माणसे निवडून आपली यादी करता येते. म्हणून २००३ पासून चालणारे 'स्मार्टव्होट' हे पक्षाला नव्हे तर एकेका उमेदवाराला प्रश्न विचारते, आणि बहुसंख्य उमेदवार त्यांची उत्तरे देतात. ही उत्तरे निवडणुकीनंतरही नाहीशी होत नाहीत. निवडून आलेल्यांनी संसदेत पुढे कसे मत दिले ते संशोधकांनी या उत्तरांशी ताडून पाहिले, तेव्हा बहुतेक वेळा दोन्हींचा मेळ बसल्याचे आढळले. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

बेरीज कशी होते

यात संगणकाची काही जादू असेल असा समज होण्याचा संभव आहे. तसे काही नाही. चौथीतल्या मुलाला करता येईल असेच हे गणित आहे. जर्मन पद्धतीचेच पाहू.

समजा, पाच विधाने आहेत. प्रत्येकाला 'हो', 'नाही' किंवा 'तटस्थ' असे उत्तर द्यावयाचे. मतदार व उमेदवार यांचे उत्तर एकच असेल तर दोन गुण. एक तटस्थ आणि दुसऱ्याचे 'हो' वा 'नाही' असेल तर एक गुण. एकाचे 'हो' व दुसऱ्याचे 'नाही' असेल तर शून्य. आता मतदाराची उत्तरे अशी : हो, नाही, हो, तटस्थ, नाही. पहिल्या उमेदवाराची : हो, हो, हो, हो, नाही. त्याला मिळाले दोन, शून्य, दोन, एक, दोन. म्हणजे दहापैकी सात. दुसऱ्या उमेदवाराची : नाही, नाही, हो, तटस्थ, हो. त्याला मिळाले शून्य, दोन, दोन, दोन, शून्य. म्हणजे दहापैकी सहा. पहिला ७० टक्के जुळला, दुसरा ६० टक्के.

पण सर्व विधाने सारख्याच महत्त्वाची असतात काय? समजा, दुसरे विधान पाण्याबद्दल आहे, आणि मतदार म्हणतो, मला पाणी सर्वांत महत्त्वाचे. मग त्या विधानाचे गुण दुप्पट धरावयाचे. एकूण गुण झाले बारा. पहिल्या उमेदवाराचे सातच राहिले, कारण तेथे त्याला शून्य होते आणि शून्याची दुप्पट शून्यच. दुसऱ्याचे झाले आठ. आता पहिला ५८ टक्के आणि दुसरा ६७ टक्के. क्रम उलटला! उत्तरे तीच, उमेदवार तेच, मतदारही तोच. एका प्रश्नाला किती वजन द्यावयाचे एवढ्यावरच निकाल फिरला.

यावरून एक गोष्ट कळावी. शेवटी जो टक्क्यांचा आकडा दिसतो, तो काही देवाघरून आलेला नसतो. तो प्रश्नांवर आणि त्यांच्या वजनावर उभा असतो. हे कळले की आकड्याची भीतीही जाते आणि आकड्याची भक्तीही जाते.

आमच्या वर्गातील फजिती

ही माहिती वाचल्यावर आमच्यातील मास्तर स्वस्थ बसेना. शाळेत विद्यार्थी-प्रतिनिधीची निवडणूक होती आणि चार उमेदवार उभे होते. आम्ही मोठ्या उत्साहाने दहा विधानांचा एक कागद तयार केला. शाळेत स्वच्छ पाणी असावे, वाचनालयात नवी पुस्तके यावीत, मैदान नीट राखावे, वगैरे. चारही उमेदवारांनी दहाच्या दहा विधानांपुढे 'हो' लिहिले. तुलना कसली करणार? नववीतील एक मुलगी उभी राहून म्हणाली, "सर, ह्याला 'नाही' कोण म्हणणार?"

आम्ही खजील झालो. पण तिच्या त्या एका वाक्यात या शास्त्राचे सार होते. ज्या विधानाला कोणीही 'नाही' म्हणणार नाही, ते विधान निरुपयोगी. सगळे जाहीरनामे एकसारखे वाटतात ते याच कारणाने. सर्वांना रोजगार, सर्वांना पाणी, सर्वांना रस्ते. त्यांत 'काय हवे' हे असते. 'त्यासाठी काय सोडावयाचे' हे नसते.

दुसरा कागद आम्ही मुलांनाच लिहावयास सांगितले. आता विधाने अशी आली : स्नेहसंमेलनाचा निम्मा खर्च वाचवून प्रयोगशाळेचे सामान घ्यावे. दूरच्या एका सहलीऐवजी जवळच्या दोन काढाव्यात. आठवड्यातून एक दिवस मधल्या सुट्टीत मैदान फक्त मुलींना द्यावे. वाचनालय सुट्टीतही उघडे ठेवावे आणि त्यासाठी मुलांनी पाळीपाळीने काम करावे. या वेळी चार उमेदवारांची उत्तरे चार तऱ्हेची आली. एक विधान आमचे होते : शनिवारची जाचक चाचणी बंद करावी. एका मुलाने विचारले, "सर, 'जाचक' हा शब्द तुमचा का आमचा?" खरेच होते. तो एक शब्दच निम्मे मतदान करून गेला असता. आम्ही तो खोडला.

मग उमेदवारांची नावे झाकून, क, ख, ग, घ अशी अक्षरे देऊन, उत्तरे फळ्यावर लिहिली. मुलांनी आपापली बेरीज केली, आणि नावे उघडताच वर्गात एकच गलका झाला. ज्यांची एकमेकांशी कधी डब्याची देवघेव नाही अशांची मते जुळली होती, आणि जिवलग मित्रांची जुळली नव्हती.

येथे थोडे स्वतःविषयी बोलतो. आमचे नाव ऐकले की आमचे मत कोणाला जाणार, हे समोरचा माणूस मनातल्या मनात ठरवून टाकतो. शाळा, पाणी, रुग्णालय, शेतीचा भाव यांबद्दल आमचे म्हणणे काय, हे तो विचारीत नाही. आमच्या मराठा, लिंगायत, जैन, ख्रिस्ती स्नेह्यांना विचारले तर त्यांनाही हाच अनुभव. नाव कळले की मत कळले, असा हा व्यवहार चालतो. उमेदवारही मग तसाच हिशेब करतो, कारण मते नावावर मिळत असतील तर विचारांचा खर्च कोण करील? झाकलेल्या नावांचा तो फळा पाहून आम्हांस जे समाधान वाटले, ते या कारणाने.

निवडणुकीचा निकाल मात्र बदलला नाही हे प्रामाणिकपणे सांगतो. जो मुलगा सर्वांचा लाडका होता, तोच निवडून आला. पण पुढे दोन महिन्यांनी सातवी-आठवीच्या काही मुली तो जुना कागद घेऊन त्याच्यापुढे उभ्या राहिल्या. मैदानाच्या विधानापुढे त्याने आपल्या हाताने 'हो' लिहिले होते. मुलगा कागदाकडे पाहत राहिला, आणि मग मुख्याध्यापकांकडे गेला. आज आमच्या शाळेत बुधवारी मधल्या सुट्टीत मैदान मुलींचे असते. स्वित्झर्लंडची गोष्ट लक्षात ठेवावी असे जे म्हटले, ते एवढ्याचसाठी. या साधनाचा खरा उपयोग मत देण्याच्या दिवशी संपत नाही. तो त्या दिवशी सुरू होतो.

साधनाचे दोष

गुण सांगितले, आता दोषही सांगितले पाहिजेत. पहिला दोष प्रश्न निवडणाऱ्याचा. बेल्जियममध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विधानांचे लाखो वेगवेगळे संच करून पाहिले, तेव्हा कोणती विधाने घेतली यावर कोणत्या पक्षाला अधिक जुळणी मिळते हे बरेच अवलंबून असल्याचे दिसले. प्रश्न ज्याच्या हाती, त्याच्या हाती निम्मा निकाल.

दुसरा दोष मांडणीचा. २०१९ साली युरोपीय संसदेच्या निवडणुकीच्या वेळी 'वाल-ओ-माट'मध्ये एका वेळी आठच पक्षांशी तुलना करता येई. 'व्होल्ट' या लहान पक्षाने तक्रार केली की, यामुळे लोक नेहमीच्या मोठ्या पक्षांनाच निवडतात. कोलोनच्या न्यायालयाने ती मानली आणि मतदानाच्या आठवड्यातच ते साधन काही दिवस बंद ठेवावे लागले. मग तडजोड होऊन ते मतदानापूर्वी पुन्हा सुरू झाले. नुसते आठ रकाने ठेवण्यातही अन्याय असू शकतो, हे त्यावरून कळले.

तिसरा दोष वापरणाऱ्याचा. २०११ साली कॅनडात 'व्होट कंपास' आले. एका प्राध्यापिकेने सर्व प्रश्नांना 'पूर्ण सहमत' असे उत्तर देऊन पाहिले, मग सर्वांना 'पूर्ण असहमत' असे दिले. दोन्ही वेळा तिला लिबरल पक्षच जवळचा ठरला. साधन करणाऱ्यांचे म्हणणे असे की, न वाचता एकच उत्तर देणारा माणूस गणिताने मधल्या पक्षाजवळच जाऊन पडतो. दोन्ही बाजूंचे ऐकून आम्ही एवढेच म्हणू की, डोळे मिटून विचारलेल्या प्रश्नाला डोळस उत्तर मिळत नाही.

चौथा दोष अलीकडचा. आता पुष्कळ लोक कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संवादयंत्राला सरळ विचारतात, "मी कोणाला मत देऊ?" नेदरलंड्समधील व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी असलेल्या सरकारी संस्थेने २०२५ च्या ऑक्टोबरात अशी यंत्रे तपासली. माणूस कोणत्याही पक्षाच्या विचारांचा असो, ती फिरून फिरून थोड्याच पक्षांची नावे सांगतात असे तिला आढळले, आणि मतदानाचा सल्ला त्यांच्याकडून घेऊ नये असा इशारा तिने दिला. 'स्टेमवाइझर'सारख्या साधनात पक्षाचे उत्तर पक्षाने स्वतः दिलेले असते आणि बेरीज आपण पडताळून पाहू शकतो. संवादयंत्राचे उत्तर कोठून आले हे दिसत नाही. जे दिसत नाही ते तपासता येत नाही, आणि जे तपासता येत नाही त्याच्या हाती मत देऊ नये.

आपल्याकडे अडचण कोठे

मग हे साधन आपल्या देशात जसेच्या तसे आणावे काय? येथे काही अडचणी आहेत. १९८५ सालच्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली. सभागृहात पक्षाचा आदेश निघाला की आमदार-खासदाराने त्याप्रमाणेच मत द्यावयाचे, नाही तर त्याचे सभासदत्व धोक्यात येते. त्यामुळे विधानसभेच्या व लोकसभेच्या उमेदवाराचे वैयक्तिक उत्तर कितीही गोड असले तरी पक्षाचे उत्तर काय, हे आधी पाहावे लागते. शिवाय आपल्याकडे बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात. कोणी कोणत्या बाजूस मत दिले याची नोंदच नसते. स्विस संशोधकांनी केले तसे ताडून पाहणे येथे म्हणूनच कठीण.

जाहीरनाम्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये निवडणूक आयोगाला नियम करावयास सांगितले, आणि त्याप्रमाणे आचारसंहितेत नवे प्रकरण आले. जे आश्वासन द्यावयाचे त्यामागचा विचार व त्याला पैसा कोठून येणार हे पक्षाने ढोबळमानाने तरी सांगावे, असे तीत म्हटले आहे. मतदाराने जाहीरनाम्यात पहिल्यांदा हीच ओळ शोधावी.

आणि आपणां सीमाभागातल्यांची एक वेगळीच अडचण आहे. आमची अम्मी घरात दखनी बोलते, मराठी व उर्दू वाचते, बाजारात कन्नड बोलते. पण तिला कन्नड वाचता येत नाही. हाती येणारा छापील जाहीरनामा बहुधा कन्नडात किंवा इंग्रजीत. मग तिला काय कळते? मिरवणुकीतील घोषणा आणि शेजारणीचे म्हणणे. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतील वृद्ध माणसांचीही थोड्याफार फरकाने हीच कथा असेल. युरोपातील अनेक अभ्यासांत असे दिसले आहे की, ही साधने तरुण व अधिक शिकलेली माणसेच जास्त वापरतात. म्हणजे ज्यांना गरज कमी, त्यांनाच लाभ अधिक. आपण नुसते मोबाइलवरील ॲप काढले तर येथेही तेच होईल.

न्यासाने काय करावे

म्हणून आमची विनंती अशी की, आरंभ लहान आणि कागदावर करावा. त्यासाठी ग्रामपंचायतीसारखे ठिकाण नाही. कर्नाटकात या निवडणुका पक्षचिन्हांवर होत नाहीत. उमेदवार स्वतःच्या नावावर उभा असतो, त्यामुळे त्याचे उत्तर त्याचेच. न्यासाच्या वाचनालयात दोन संध्याकाळ गावकऱ्यांनी, विशेषतः महिलांनी, बसून दहा विधाने ठरवावीत. विधान त्या संस्थेच्या अधिकारातले असावे. पंचायतीच्या उमेदवाराला परराष्ट्रधोरण विचारू नये. त्यात काय मिळणार याबरोबर काय सोडावे लागणार हेही असावे. 'जाचक'सारखा शब्द नसावा. मग तोच कागद सर्व उमेदवारांना एकाच दिवशी द्यावा, आणि उत्तरे जशी येतील तशी, काना-मात्रा न बदलता, मराठीत व कन्नडात फलकावर लावावीत. ज्याचे उत्तर आले नाही त्याच्या नावापुढे 'उत्तर आले नाही' एवढेच लिहावे. टीका करू नये. ज्यांना वाचता येत नाही त्यांना महाविद्यालयातील मुलांनी वाचून दाखवावे.

दोन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. न्यास धर्मादाय आहे. त्याने कोणाचा प्रचार करू नये, आणि अमुक उमेदवार सर्वांत चांगला अशी बेरीजही करू नये. बेरीज ज्याची त्याने घरी करावी. निवडणुकीसंबंधी कागद छापून वाटावयाचा असेल तर त्यावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे व पत्ते असावेत, असा लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२७-क चा दंडक आहे. तोही पाळावा, कारण निनावी कागदावर विश्वास बसू नये अशीच ती योजना आहे. मतदाराकडून त्याची उत्तरे लिहून घेऊ नयेत. मत गुप्त आहे, आणि मताकडे नेणारा विचारही गुप्त राखण्याचा हक्क त्याला आहे.

असा कागद पाहून सर्व माणसे एकदम विचाराने मत देऊ लागतील असा आमचा भाबडा समज नाही. आमच्या वर्गातही लाडकाच निवडून आला. परंतु निवडून येण्यापूर्वी त्याला लिहून द्यावे लागले, आणि निवडून आल्यावर मुलींनी तो कागद काढला. चार-पाच निवडणुका असे कागद वाचनालयाच्या कपाटात साठले, तर गावाला आपल्या पुढाऱ्यांची आठवण राहील आणि पुढाऱ्यांना आपल्या शब्दाची.

न्यासाने पन्नास वर्षे मुलांच्या हाती पुस्तके दिली. पुढील वर्षांत त्याने वडीलधाऱ्यांच्या हाती एक कागद द्यावा, एवढेच मागणे आहे. आम्हांस पुन्हा केव्हा तरी त्याच केंद्रावर बसण्याचा हुकूम येईल. त्या वेळी त्या आजी, किंवा त्यांच्यासारखी दुसरी कोणी, पाण्याचा प्रश्न आम्हांस न विचारता सरळ यंत्राकडे गेली, म्हणजे हे काम झाले असे आम्ही समजू.